पाण्यातला चेहरा आणि परत फिरलेला इंद्र

नोकरी गेली त्या दिवशी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि लिफ्टमध्ये शिरलो. तिन्ही बाजूंना आरसे. रोज सकाळी याच आरशात बघून मी कॉलर नीट करायचो. त्या दिवशी आरशातला माणूस मला कमी वाटला. शर्ट तोच, चष्मा तोच, पण त्याच्यातून काहीतरी वजा झालं होतं, आणि नेमकं काय, ते सात मजले उतरेपर्यंत काही समजेना.

पुढचे काही महिने घरीच होतो. वडिलांच्या कपाटात उपनिषदांची मराठी अर्थासह असलेली एक जुनी प्रत होती, पानं पिवळी पडलेली. ती काही मन:शांतीसाठी उघडली नव्हती. वेळ जात नव्हता म्हणून उघडली. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात एका ठिकाणी थांबलो. दोन जण पाण्यानं भरलेल्या भांड्यात वाकून स्वतःला बघत होते, आणि त्यांचा गुरू त्यांना विचारत होता, 'काय दिसतं?' पुढची कितीतरी वर्षं ती गोष्ट माझ्याबरोबर राहिली. आज तीच समजावून सांगायचा प्रयत्न करतो आहे. गोष्ट आत्म्याची आहे, पण माझ्यासारख्या माणसाला ती आधी दुसऱ्याच एका प्रश्नातून भेटली: माझी किंमत कशात आहे?

छांदोग्य हे सामवेदाचं उपनिषद. त्याचे अध्याय आठ. बहुतेक अभ्यासक त्याला बुद्धाच्या आधीच्या काळातलं मानतात. 'तत्त्वमसि' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते याच उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातलं. आपली गोष्ट आठव्या अध्यायाच्या सातव्या ते बाराव्या खंडात येते. छापील पुस्तकात ती जेमतेम काही पानांची आहे.

गोष्ट अशी. प्रजापती एकदा म्हणाले: ज्या आत्म्याला पाप शिवत नाही, ज्याला म्हातारपण नाही, मरण नाही, शोक नाही, भूक-तहान नाही, ज्याची इच्छा खरी आणि संकल्पही खरा, त्याला शोधावं. तो ज्याला गवसला त्याला सगळे लोक मिळाले, सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या. हे बोलणं देवांच्या कानावर गेलं आणि असुरांच्याही. देवांकडून इंद्र निघाला, असुरांकडून विरोचन. एकमेकांशी न ठरवता, दोघंही हातात समिधा घेऊन प्रजापतींकडे पोचले. समिधा हातात घेऊन जाणं म्हणजे 'मला शिष्य करून घ्या' असं न बोलता सांगणं. देवांचा राजा सरपण घेऊन दारात उभा आहे, हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा.

बत्तीस वर्षं दोघं तिथे राहिले. मग प्रजापतींनी विचारलं, कशासाठी राहिलात? दोघांनी सांगितलं. प्रजापती म्हणाले, 'डोळ्यात जो पुरुष दिसतो तो आत्मा. तो अमर, तो निर्भय, तेच ब्रह्म.' दोघांनी लगेच विचारलं, 'म्हणजे पाण्यात दिसतो तो? आरशात दिसतो तो?' प्रजापती म्हणाले, या सगळ्यांत तोच दिसतो. आणि पुढे: पाण्याच्या भांड्यात बघा, आणि जे समजणार नाही ते मला विचारा.

दोघांनी पाहिलं. 'काय दिसतं?' 'आम्ही पुरते दिसतो, केसांपासून नखांपर्यंत, जसेच्या तसे.' प्रजापती म्हणाले, आता चांगले कपडे घाला, दागिने घाला, स्वच्छ व्हा आणि पुन्हा बघा. पाहिलं. आता पाण्यातले दोघंही सजलेले होते. 'हाच आत्मा,' प्रजापती म्हणाले. दोघं शांत मनानं निघाले.

विरोचन घरी पोचला आणि त्यानं असुरांना सांगून टाकलं: हा देहच आत्मा, याचीच महती गावी, याचीच सेवा करावी, की इहलोक आणि परलोक दोन्ही मिळतात. उपनिषद इथे थांबून एक वाक्य लिहितं. म्हणून आजही जो देत नाही, ज्याची श्रद्धा नाही, त्याला लोक असुर म्हणतात. आणि असे लोक मेलेल्याच्या शरीरालाही वस्त्रांनी, अलंकारांनी सजवतात, त्यानं परलोक जिंकता येईल असं समजून. विरोचनाची शिकवण शेवटी कुठे जाऊन पोचते ते एवढ्या एका चित्रात आहे.

इंद्र मात्र घरी पोचलाच नाही. देवांपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत त्याला भीती दिसली. शब्द तोच आहे, 'भयं ददर्श', भीती पाहिली. त्याच्या मनात आलं: शरीर सजलं तेव्हा पाण्यातला सजला. मग शरीर आंधळं झालं तर तोही आंधळा होणार. लंगडं झालं तर लंगडा. शरीर संपलं की तोही संपला. मला यात काही भलं दिसत नाही. समिधा घेऊन तो परत फिरला.

पुन्हा बत्तीस वर्षं. या वेळी प्रजापती म्हणाले, स्वप्नात जो मानानं मिरवतो तो आत्मा. इंद्र शांत मनानं निघाला आणि पुन्हा वाटेत थबकला: शरीराला जखम झाली तरी स्वप्नातल्याला होत नाही, हे खरं, पण स्वप्नातही त्याला कोणी मारतं, कोणी त्याच्यामागे लागतं, आणि तो रडतोसुद्धा. परत. आणखी बत्तीस वर्षं. मग उत्तर आलं, गाढ झोपेत जो स्वप्नही बघत नाही तो. इंद्र निघाला, थबकला: त्या झोपेत 'हा मी आहे' एवढंही माणसाला कळत नाही, तो जणू नाहीसाच होतो. परत. या खेपेला पाच वर्षं. तीनदा बत्तीस आणि वर पाच: एकशे एक. उपनिषद म्हणतं, इंद्र एकशे एक वर्षं प्रजापतींकडे राहिला, असं लोक सांगतात.

यानंतर शेवटची शिकवण येते. तिच्याकडे नंतर वळू.

हे रूपक आहे हे कशावरून?

'प्राचीन ग्रंथाकडे रूपक म्हणून बघणं ही आधुनिक माणसाची पळवाट आहे', असा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकला आहे. मला तो मान्य नाही, आणि त्याचं कारण खुद्द ग्रंथांतच आहे. उपनिषदं एखादी गोष्ट सांगून झाली की कितीदा तरी म्हणतात: हे झालं देवतांच्या अंगानं, 'अधिदैवत', आता 'अध्यात्म', म्हणजे माणसाच्या आतल्या अंगानं. बाहेर सूर्य तर आत डोळा, बाहेर वारा तर आत प्राण. एकाच वचनाचे दोन मजले आहेत हे सांगणारे लोक तेव्हाचेच होते.

याच उपनिषदाच्या सुरुवातीला देव आणि असुर यांच्यातल्या भांडणाची कथा येते. आद्य शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना सरळ लिहिलं आहे, की देव म्हणजे शास्त्रानं उजळलेल्या इंद्रियांच्या वृत्ती आणि असुर म्हणजे त्याच्या उलट जाणाऱ्या, आपापल्या विषयांत रमलेल्या वृत्ती. म्हणजे लढाई एकाच माणसाच्या शरीरात चालू आहे. हे मत शेकडो वर्षं जुनं आहे आणि ते परंपरेच्या मधोमध बसलेल्या माणसाचं आहे.

मराठी वाचकाला तर हे वेगळं शिकवावं लागू नये. एकनाथांचं विंचवाचं भारुड आपण लहानपणापासून ऐकतो. काम-क्रोधाचा विंचू चावला आणि अंगभर आग झाली, असं सोंग घेतलेला माणूस मंडपात नाचत सांगतो तेव्हा 'विंचू कुठे आहे, दाखवा' असं कुणी म्हणत नाही. गावातल्या अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते कळतं. भारुड कळतं त्याला उपनिषद वाचण्याची निम्मी तयारी झालेली असते.

आणि या गोष्टीतली नावंही गप्प बसत नाहीत. विरोचन या शब्दाचा अर्थच 'झळकणारा'. ज्याचं नाव झळकणारा तो पाण्यातल्या झळकण्यावर समाधान मानून निघून जातो. इंद्राला इथे सारखं 'मघवा' म्हटलं आहे, म्हणजे संपन्न, ज्याच्याकडे देण्यासारखं भरपूर आहे असा. ज्याच्याकडे सगळं आहे तोच चार वेळा सरपण घेऊन येतो.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट सांगायला हवी. असुर म्हणजे माणसांची अमुक एक जात, असं वाचणाऱ्यांनी आपल्याकडे पुष्कळ नुकसान केलं आहे. पुराणांच्या वंशावळीत विरोचन हा भक्त प्रल्हादाचा मुलगा आणि बळीराजाचा बाप आहे. बलिप्रतिपदेला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणाऱ्या मराठी घरांनी तरी विरोचनाला परका समजू नये. तो आपल्यातलाच आहे. माझ्यातला तो त्या लिफ्टमध्ये माझ्याबरोबर सात मजले उतरला.

भांड्यातलं पाणी

आता रूपक उलगडून बघू. पाण्याचं भांडं म्हणजे काय? जिथे जिथे मला माझी प्रतिमा परत मिळते ती प्रत्येक जागा. नात्यातल्या लग्नात 'सध्या काय करतोस?' हा प्रश्न हे एक भांडं आहे. दहावीची गुणपत्रिका, स्थळ बघायला आलेल्या माणसांची नजर, फोटोखाली पडणारी पसंती, पगाराची पावती: सगळीकडे पाणी भरून ठेवलेलं आहे, आणि आपण दिवसातून कितीदा वाकतो त्याची गणती नाही.

इथे एक बारकावा आहे. पाणी खोटं बोलत नाही. 'केसांपासून नखांपर्यंत जसेच्या तसे' असं दोघं म्हणाले ते खरंच होतं. माझं ओळखपत्रही खरं होतं, त्यावरचं पदही खरं. इंद्राची तक्रार पाणी खोटं आहे अशी नव्हतीच. त्याची तक्रार अशी, की पाण्यात दिसणारं सगळं दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. कपडे चढले की ते चढतं, उतरले की उतरतं. ज्याची किंमत वर-खाली होते तो 'मी' कसा असेल? हा हिशेब त्यानं वाटेत एकट्यानं केला, कुणी शिकवलं नाही. मला तर या सबंध गोष्टीतली ही सगळ्यात मोठी घटना वाटते.

आणि हा हिशेब त्यानं कधी केला तेही बघा. सजलेला असताना. त्याचं काहीही बिघडलं नव्हतं, डोळे शाबूत होते, पाय शाबूत होते. मला तो प्रश्न ओळखपत्र गेल्यावर पडला. इंद्राला अंगावर दागिने असताना पडला. आपल्यापैकी बहुतेकांना तो उशिराच पडतो.

उपनिषदाचे शब्द इथे फार नेमके आहेत. विरोचन असुरांना सांगतो की देहरूपी आत्मा हाच 'महय्य' आहे, मान देण्याजोगा, ज्याची महती गावी असा. आणि दुसऱ्या खेपेला प्रजापती स्वप्नातल्या पुरुषाचं वर्णन करतात तेव्हा शब्द येतो 'महीयमान', मान मिळवत फिरणारा. दोन्ही शब्द एकाच धातूचे. किंमत, मान, मोठेपण हा विषय मी या गोष्टीवर बाहेरून लादलेला नाही; तो तिच्या शब्दांतच विणलेला आहे.

मग स्वप्नातला पुरुष कोण? पाण्यातला चेहरा लोकांनी दिलेला, तर स्वप्नातला मी स्वतःच रंगवलेला. नोकरी गेल्यावर काही दिवस मी याच दुसऱ्या खोलीत राहायला गेलो होतो. 'लोकांना कळलं नाही, पण मी आतून वेगळा आहे, माझ्यात गुण आहेत, एक दिवस दाखवून देईन.' स्वतःबद्दल चांगलं बोला, स्वतःला शाबासकी द्या, असं सांगणारी बरीच पुस्तकं आणि व्याख्यानं इथपर्यंत आणून सोडतात. लोकांच्या नजरेपेक्षा ही खोली बरी, हे मी नाकारत नाही. पायाला ठेच लागली तरी इथल्या माणसाला लागत नाही. पण इंद्रानं तिचीही फट ओळखली. ती प्रतिमा मनानं केलेली, आणि मनच रात्री दोन वाजता तिच्यामागे काठी घेऊन लागतं. 'तो रडतोसुद्धा' हे उपनिषदाचे शब्द वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं. इतक्या जुन्या ग्रंथात, इतक्या मोठ्या विषयात, कुणीतरी एवढं साधं निरीक्षण लिहून ठेवलंय.

तिसरी खोली झोपेची. काहीच जाणवू द्यायचं नाही. मालिका बघत राहायचं, दारू, दिवसा झोप, 'मला काही फरक पडत नाही'. दुःख थांबतं हे खरं, पण इंद्र म्हणतो तसं, तिथे 'हा मी आहे' हेही उरत नाही. ज्यांची ही अवस्था लांबत जाते त्यांनी डॉक्टरांकडे जावं. उपनिषद हे औषध नव्हे आणि तसं कुणी सांगू नये.

प्रजापती रागावले का नाहीत

वाचताना एक प्रश्न राहून राहून पडतो. दोघांची समजूत चुकीची आहे हे प्रजापतींना दिसत होतं. दोघं निघून गेल्यावर प्रजापती स्वतःशी म्हणतातही, की आत्मा न कळताच हे दोघं चालले. हाच अर्थ जे धरून बसतील ते हरतील. मग तोंडावर का सांगितलं नाही? मूर्खांनो, पाण्यातली सावली म्हणजे आत्मा नव्हे, एवढं म्हणायला काय झालं होतं?

शंकराचार्यांनी यावर जे लिहिलं आहे ते मला कोणत्याही शिक्षकाच्या टेबलावर ठेवावंसं वाटतं. त्यांचं म्हणणं असं: इंद्र आणि विरोचन दोघंही स्वतःला जाणते समजत होते आणि जगातही तसेच प्रसिद्ध होते. 'तुम्ही मूढ आहात, उलटं समजलात' असं गुरूनं म्हटलं असतं तर त्यांच्या मनाला दुःख झालं असतं, त्या दुःखातून चित्त खचलं असतं, आणि मग पुन्हा विचारायचा, ऐकायचा, समजून घ्यायचा उत्साहच मेला असता. म्हणून प्रजापतींनी अपमान न करता पाण्याचं भांडं पुढे केलं: स्वतः बघा, आणि नाही समजलं तर विचारा.

चित्त खचणं याला आचार्यांचा शब्द आहे 'चित्तावसाद'. हाच अवसाद गीतेच्या सहाव्या अध्यायात येतो: 'उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्'. आपणच आपल्याला वर काढावं, आपल्याला खचू देऊ नये. स्वतःला तुच्छ मानणं ही नम्रता आहे असं आपल्याकडे अनेक घरांत शिकवलं जातं. 'आपली पायरी ओळखून राहावं' हे वाक्य मी स्वतः किती वेळा ऐकलं असेल. पण गीतेचं हे वचन त्या शिकवणीच्या आड उभं आहे, आणि प्रजापतींचं वागणंही.

पायाखालचं सोनं

इंद्राच्या गोष्टीच्या आधी, याच अध्यायात, दोन छोटी चित्रं येऊन गेलेली असतात. ती घाईत सुटतात. सुटू देऊ नयेत.

पहिलं शेताचं. जमिनीत सोन्याचा ठेवा पुरलेला आहे. ज्यांना त्या जागेची माहिती नाही ते रोज त्यावरून जातात-येतात, पुन्हा पुन्हा, आणि तो त्यांना सापडत नाही. तसंच सगळी माणसं रोजच्या रोज गाढ झोपेत त्या ब्रह्माच्या घरी जाऊन येतात आणि त्यांना ते गवसत नाही, कारण खोट्यानं त्यांची वाट अडवलेली असते. इथे सोनं कमवायला सांगितलेलं नाही. वर चालणारा गरीब आहे तो सोनं नसल्यामुळे नव्हे. त्याला जागा माहीत नसल्यामुळे. आपण ज्याला आत्मविश्वास वाढवणं म्हणतो त्यात नेहमी काहीतरी कमवायचं असतं: आणखी एक पदवी, आणखी एक पदक. इथे कुदळ मारायची आहे, आणि तीही आपल्याच पायाखाली.

दुसरं चित्र घराचं. हे शरीर म्हणजे ब्रह्माचं नगर. त्यात कमळासारखं एक लहानसं घर, आणि त्या घरात एक लहानसं आकाश. कुणी विचारेल, एवढ्याशा जागेत शोधण्यासारखं आहे तरी काय? तर सांगावं: बाहेरचं आकाश जेवढं तेवढंच हे हृदयातलं आकाश. पृथ्वी आणि स्वर्ग, अग्नी आणि वारा, सूर्य-चंद्र, वीज, नक्षत्रं, सगळं यात मावलेलं आहे. देह म्हातारा झाला तरी ते म्हातारं होत नाही. तुकाराम महाराजांच्या 'अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा' या ओळीत आपल्याला तोच सूर ऐकू येतो. ओळीची पहिली बाजू विसरून चालत नाही. जो आकाशाएवढा आहे तोच अणूहूनही लहान आहे, आणि दोन्ही एका दमात म्हटलंय. म्हणून हा मोठेपणा दुसऱ्याला लहान करत नाही. आकाश प्रत्येक घरात सारखंच असतं. माझ्या घरातलं आकाश तुमच्या घरातल्यापेक्षा मोठं, असं म्हणताच येत नाही. विरोचनही 'आत्म्याला मान द्या' असंच म्हणाला होता, शब्द जवळजवळ तेच. फरक इतकाच, की त्याचा आत्मा सजवावा लागत होता.

या अध्यायातला आत्मा म्हणजे जीव की परब्रह्म, यावर वेदान्ताच्या पंडितांनी खूप वाद घातला आहे. ब्रह्मसूत्रांत त्यासाठी सूत्रं आहेत. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ एक लावला, रामानुजाचार्यांनी दुसरा. मी त्या वादात शिरत नाही, कारण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: देहाच्या सजण्या-मोडण्यानं त्याची किंमत बदलत नाही.

रूपक कुठे तोकडं पडतं

आता जे मला सर्वात जड जातं ते. आतली किंमत कुणी हिरावू शकत नाही, हे वाक्य चुकीच्या तोंडून आलं की विष होतं. ज्याला मंदिराच्या बाहेर उभं केलं आहे त्याला 'तुझ्या हृदयातच देव आहे' असं आतून सांगणं म्हणजे दार बंद ठेवायची सोय.

चोखामेळ्याला हे कुणी सांगावं लागलं नाही. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा' असं तो म्हणाला. ऊस वाकडा असेल, रस वाकडा नसतो. इंद्रानं जे वाटेत ओळखलं तेच हे, आणि किती थोडक्यात. पण चोख्यानं ते पंढरपुरात देवळाबाहेर उभं राहून म्हटलं, आणि मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तो गेला. त्याच्या अभंगात आतली श्रीमंती आहे आणि बाहेरच्या अन्यायाची तक्रारही आहे. एकानं दुसरी पुसली जात नाही. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. रस वाकडा नाही हे चोख्यानं सांगितल्यानंतर सहाशे वर्षं दार बंदच होतं.

छांदोग्यातही ही ओढाताण आहे. चौथ्या अध्यायात सत्यकाम येतो. त्याला शिकायला जायचंय, तो आईला आपलं गोत्र विचारतो. आई म्हणते, बाळा, मला माहीत नाही. तरुणपणी अनेकांकडे राबत होते तेव्हा तू झालास. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम. तू सत्यकाम जाबाल असं सांग. तो गौतम ऋषींना शब्दशः तेच सांगतो. ऋषी म्हणतात, समिधा आण, मी तुझं उपनयन करतो, तू सत्यापासून ढळला नाहीस. पण त्याआधी त्यांच्या तोंडून हेही निघतं, की ब्राह्मण नसलेला असं बोलू शकणार नाही. या वाक्यापाशी मी दर वेळी अडखळतो. मुलाच्या सत्याला मान दिला आणि त्याच श्वासात तो मान एका जातीच्या नावावर लिहून टाकला. प्राचीन ग्रंथ रूपक म्हणून वाचायचा म्हणजे असं वाक्य झाकायचं नाही.

तरीही त्या मुलाचं नाव बघा. प्रजापतींनी आत्म्याची जी लक्षणं सांगितली, पाप नाही, म्हातारपण नाही, मरण नाही, त्यांतलं एक लक्षण आहे 'सत्यकाम'. ज्या मुलाजवळ बापाचं नाव नव्हतं, गोत्र नव्हतं, पाण्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, त्याचं नाव आणि आत्म्याचं लक्षण एकच आहे. कथा रचणाऱ्यानं हे मुद्दाम केलं की नाही, कोण जाणे. मला ते दिसलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

राहिली शेवटची शिकवण. एकशे एक वर्षांनी प्रजापती इंद्राला म्हणतात: हे शरीर मरणारं आहे, मृत्यूनं धरलेलं आहे. पण त्या अमर, अशरीर आत्म्याचं ते राहण्याचं ठिकाण आहे. जोवर मी म्हणजे हे शरीर असं वाटतं, तोवर प्रिय आणि अप्रिय यांपासून सुटका नाही. अशरीर असलेल्याला मात्र प्रिय-अप्रिय शिवत नाहीत. आणि पुढे अगदी साधं: 'मी हे बघतो' असं जो जाणतो तो आत्मा, डोळा फक्त बघण्यासाठी. 'मी हा वास घेतो' असं जो जाणतो तो आत्मा, नाक फक्त वासासाठी. 'मी हा विचार करतो' असं जो जाणतो तो आत्मा, आणि मन हा त्याचा दैवी डोळा.

म्हणजे प्रजापतींचं पहिलं उत्तरही खरंच होतं. 'डोळ्यात दिसतो तो पुरुष' असं ते म्हणाले होते. दोघांनी त्याचा अर्थ डोळ्यात पडलेलं प्रतिबिंब असा घेतला; त्यांना सांगायचं होतं डोळ्यातून बघणाऱ्याबद्दल. लिफ्टच्या आरशात कमी झालेला माणूस मला दिसला हे खरं. पण तो कमी झालाय हे ज्याला कळलं, त्याच्यात काय कमी झालं होतं? त्याच्यातून कुणी ओळखपत्र काढून घेतलं नव्हतं, कारण त्याच्या गळ्यात ते कधी नव्हतंच.

गोष्टीतली एक लहानशी जागा मला बऱ्याच उशिरा दिसली. पाणी, स्वप्न, झोप या तिन्ही उत्तरांनंतर उपनिषद म्हणतं, 'तो शांत मनानं निघाला'. तीनदा तेच शब्द, आणि तिन्ही वेळा ती शांती वाटेतच मोडली. चौथ्या वेळी, शेवटच्या शिकवणीनंतर, ते वाक्य येत नाही. इंद्र शांत मनानं निघाला असं कुठेच लिहिलेलं नाही. तो निघाला असंही नाही.